हळू आवाजात गाणं ऐकायला छोटा स्पीकर कसा निवडायचा

दिवाळीचा सेल लागला की घरच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो, घरात ठेवायला एखादा छोटासा स्पीकर सांगा, डोळ्यावर यायला नको, जागा अडवायला नको, पण गाणं नीट ऐकू आलं पाहिजे. मग त्याखाली लिंकांची रांग लागते, एकावर १०० वॅट, दुसऱ्यावर थंपिंग बेस, तिसऱ्यावर ३६० डिग्री साउंड, आणि विचारणारा होता तिथेच राहतो. आमच्या शेजारच्या काकींनी मात्र मला मालवणीत मागणी एका वाक्यात सांगितली होती, "आवाज खयसून येता ता कळाक नको, पण शब्द न् शब्द आयकाक येवक व्हयो." एवढी नेमकी मागणी मी कुठल्या जाहिरातीत वाचलेली नाही.

हा लेख त्या मागणीसाठी आहे. सकाळी चहा होईपर्यंत भजन, दुपारी एखादं नाट्यपद, रात्री जेवणं आटोपल्यावर कोणाची झोप न मोडता काहीतरी ऐकायचं, एवढ्यासाठी. माझं मत आधीच सांगून टाकतो: अशा ऐकण्याला मोठा आवाज आणि खोल बेस, म्हणजे खालचा जाड आवाज, फारसा लागत नाही, लागतो तो स्वच्छ मधला आवाज, आणि तो छोट्या स्पीकरमधून खरोखर मिळतो. फक्त तो तुम्ही कुठे ठेवता आणि त्याच्यापासून किती लांब बसता यावर निम्मा खेळ आहे. उरलेल्या निम्म्यात आपल्या कोकण किनाऱ्याची खारी हवा येते, तिचा विचार शहरातले सल्ले देणारे करत नाहीत.

स्पीकर करतो काय

जाळीमागे कागदाचा किंवा प्लास्टिकचा शंकूसारखा पडदा असतो, त्याला कोन म्हणतात, त्याला मागून तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं, आणि ते वेटोळं लोहचुंबकाच्या फटीत असतं. अँपमधून, म्हणजे आवाजाला ताकद देणाऱ्या ॲम्प्लिफायरमधून, करंट आला की वेटोळं पुढेमागे होतं, कोन हलतो, समोरची हवा हलते आणि आपल्याला ऐकू येतं. सेकंदाला किती वेळा हलला तो आकडा म्हणजे हर्ट्झ. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो, बाईचा १६५ ते २५५ मध्ये. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ ला वाजते, बेस गिटारची ४१ ला. झांजेची किणकिण, तंबोऱ्याची जवारी, शब्दातला 'स' आणि 'श' हे सगळं कित्येक हजार हर्ट्झपर्यंत पोचतं. जाड आवाजासाठी मोठा कोन असतो तो वूफर, बारीक आवाजासाठी छोटा असतो तो ट्वीटर. अगदी छोट्या स्पीकरमध्ये कधी कधी एकच कोन दोन्ही कामं करतो.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. आवाजाची लाट किती लांब असते बघा: ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर, म्हणजे बऱ्याच घरांच्या ओटीपेक्षा लांब, आणि १०,००० हर्ट्झची लाट जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. म्हणून जाड आवाज दारातून वळून माजघरात जातो, तिथून शेजारी जातो, आणि बारीक आवाज सरळ रेषेत जातो, वाटेत उशी आली तरी अडतो. शेजाऱ्याला आपलं गाणं कधीच ऐकू येत नाही, नुसतं धुप धुप ऐकू येतं, त्याचं कारण हेच. कोणाला त्रास न देता ऐकायचं असेल तर बेस कमी असणं हे नुकसान कमी आणि सोय जास्त.

लहान डब्यातून बेस का येत नाही

१०० हर्ट्झचा आवाज जेवढ्या जोरात येतोय तेवढ्याच जोरात ५० हर्ट्झचा काढायचा तर कोनाला चौपट अंतर पुढेमागे व्हावं लागतं. लहान वल्ह्याने होडी हाकायची तर हात जास्त मारावे लागतात तसंच, कोन लहान असेल तर त्याला जास्त हलावं लागतं, आणि हलायला जागा असते ती काही मिलिमीटरच.

त्यात डब्याची भानगड वेगळी. या क्षेत्रात एक जुना नियम आहे, जोसेफ अँटन हॉफमन या इंजिनियरच्या नावाने तो ओळखला जातो: छोटा डबा, खोल बेस आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच गोष्टी मिळतात. तिसरी सोडायची. १९५४ च्या सुमाराला अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी डबा पूर्ण बंद करून आतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून घेतला, आणि तोपर्यंत कपाटाएवढ्या डब्यातून निघणारा बेस फळीवर मावणाऱ्या डब्यातून काढून दाखवला. त्यांनी सोडलं काय, तर तिसरी गोष्ट, म्हणजे त्या स्पीकरला अँप जास्त ताकदीचा लागायला लागला. आजही कोणी 'एवढासा डबा, जमीन हादरवणारा बेस, आणि बॅटरीवर दिवसभर' असं म्हणत असेल तर ते हळू आवाजात खरं असू शकतं, आवाज वाढवला की आतली चिप गुपचूप बेस कापते, आणि तसं करणं तिला भाग असतं, नाहीतर कोन फाटेल.

डब्याला भोक असलं की तो रिफ्लेक्स. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जो एक स्वर घुमतो, तोच प्रकार. त्या भोकामुळे एका ठराविक पट्टीपर्यंत बेस वाढतो, पण त्याच्या खाली एकदम कोसळतो. बंद डब्याचा बेस आधीपासून कमी होत जातो पण हळूहळू उतरतो. हा फरक लक्षात असू द्या, जागेचा विषय आला की कामाला येईल.

आणि एक दिलासा. जाड स्वराचा मूळ आवाज स्पीकरला जमला नाही तरी त्या स्वराबरोबर निघणारे वरचे स्वर ऐकून आपला मेंदू मूळ स्वर भरून घेतो. त्यामुळेच पखवाजाची कणीक लावलेली डावी बाजू मोबाईलवरसुद्धा ओळखू येते, जरी मोबाईलच्या स्पीकरमधून तो खालचा स्वर जवळपास निघतच नाही. चार-पाच इंचाचा वूफर असला तर मेंदूला फार कष्ट पडत नाहीत.

पण वॅट किती घ्यायचे?

हे गणित एकदा मांडून बघूया कारण सगळी फसवणूक इथेच होते. स्पीकरच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी म्हणून एक आकडा असतो, म्हणजे एक वॅट दिला आणि एक मीटरवर मोजलं तर किती डेसिबल (आवाज किती मोठा ते मोजायचं माप). छोट्या स्पीकरचा हा आकडा साधारण ८४ ते ८८ असतो. आपण ८५ धरू. दोन माणसं समोरासमोर साधं बोलतात तो आवाज ६० डेसिबलच्या आसपास असतो, आपल्याला गाणं ६५ ने ऐकायचंय समजा. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलने पडतो, म्हणजे दोन मीटरवर ६५ हवेत तर एका मीटरवर ७१ हवेत. ८५ मधून १४ खाली. दर १० डेसिबलला ताकद दहापट कमी लागते, तेव्हा १४ खाली म्हणजे वॅटचा साधारण पंचविसावा भाग.

हो, खरंच एवढाच. आता गाण्यात तबल्याची थाप, झांजेचा ठोका हे सरासरीपेक्षा १५-२० डेसिबल वर उडी मारतात, त्यासाठी शिल्लक ठेवायची, तर तीन-चार वॅट झाले. वीस वॅटचा प्रामाणिक अँप असला तर आयुष्यभर पुरेल. शिवाय १० वॅटच्या जागी २० घेतले तर फरक पडतो फक्त ३ डेसिबलचा, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. पीएमपीओ हा शब्द दिसला की तो आकडा सोडूनच द्या, तो मोजायची कुठलीही ठरलेली पद्धत नाही. आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी खरी ताकद, लिहिलेली असेल तेवढीच वाचा.

हळू लावलं की गाणं पोकळ का वाटतं

बऱ्याच जणांचा हा अनुभव असतो, दुकानात छान वाजला, घरी हळू लावला तर पातळ वाटतो. स्पीकर तोच असतो, आपला कान बदलतो. १९३३ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी हे मोजून दाखवलं, की आवाज कमी होत गेला की माणसाच्या कानाला जाड स्वर सगळ्यात आधी कमी ऐकू यायला लागतात. मधले स्वर तग धरतात. म्हणून जुन्या अँपवर लाउडनेस नावाचं बटण असायचं, हळू आवाजात बेस थोडा उचलून द्यायला. आता काही स्पीकर हे आपोआप करतात, काहींच्या अॅपमध्ये सोय असते. हळू ऐकणाऱ्या माणसाने वॅट विचारण्यापेक्षा हे विचारावं. बटण नसेल तर बेस दोन-तीन घर वर घ्या, बास, त्यात काही पाप नाही.

आपल्याकडे अजून एक गोष्ट आहे. किनाऱ्याजवळच्या घरात समुद्राची गाज चोवीस तास चालू असते, तिच्यात जाड स्वर भरपूर, त्यात हळू लावलेला बेस मिसळून जातो. आणि जून-जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की सगळंच मिसळून जातं. अशा वेळी लोक आवाज वाढवतात, वाढवत राहतात, शेवटी गाणं आणि पाऊस दोन्ही नकोसे होतात. त्यापेक्षा स्पीकर जवळ घ्या. तीन मीटरवरून दीड मीटरवर आलात तर न वाढवता पाच-सहा डेसिबल पदरात पडतात, आणि भिंतीवरून परतणारा आवाज तेवढाच राहतो पण सरळ येणारा वाढतो, त्यामुळे शब्द सुटे होतात. काकींची अर्धी मागणी इथेच पुरी होते.

ठेवायचा कुठे

स्पीकर दिसू नये म्हणून आपण तो काय करतो, तर भिंतीला टेकवतो, कोपऱ्यात सारतो, नाहीतर फडताळात ढकलतो. या तिन्हीचा परिणाम एकच, बेस वाढतो. भिंतीला लागून ठेवला तर जाड स्वर ६ डेसिबलपर्यंत वर येतात, कोपऱ्यात अजून जास्त. आता मघाचा फरक आठवा: बंद डब्याचा बेस हळूहळू उतरत असतो, भिंत तोच भरून देते, दोघांचं छान जमतं. मागच्या बाजूला भोक असलेला रिफ्लेक्स मात्र भिंतीपासून निदान वीतभर पुढे लागतो, नाहीतर गाणाऱ्याचा आवाज घुमायला लागतो. म्हणून भिंतीलगतच ठेवायचा असेल तर बंद डबा, किंवा भोक पुढच्या बाजूला असलेला घ्या. मागे भोक असलेला आधीच घरात असेल तर त्या भोकात स्पंजचा बोळा हलकासा बसवून बघा, काही कंपन्या तो बरोबरच देतात.

जुन्या घरात चिऱ्याच्या जाड भिंतीत कोनाडे असतात, आणि छोटा स्पीकर तिथे इतका नेमका बसतो की बघितल्यावर कोणालाही तोच मोह होईल. ठेवा, काही हरकत नाही, पण एक काम करा. तो आत लोटू नका, त्याचं तोंड भिंतीच्या कडेला बरोबर येईल किंवा किंचित पुढे राहील एवढा बाहेर ओढा. आत राहिला तर कोनाड्याच्या दोन्ही बाजूंवर आपटून बारीक आवाज गढूळ होतो आणि 'कोनाड्यातून येतोय' हे लगेच कळतं. मग बाजूच्या आणि मागच्या मोकळ्या जागेत जुनी चादर घडी करून भरा, कोनाड्याचं घुमणं तिथेच मरतं. खाली रबराचे चार तुकडे किंवा जुन्या चपलेचा तळ कापून द्या म्हणजे फळी थरथरणार नाही. उंची अशी हवी की बसल्यावर ट्वीटर कानाच्या जवळपास येईल, कोनाडा उंच असेल तर मागून पाचर देऊन तोंड थोडं खाली झुकवा.

जोडी ठेवत असाल तर दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर तेवढंच प्रत्येकापासून तुमचं, म्हणजे समभुज त्रिकोण, दीड-दोन मीटरचा. सगळ्या घरात हे जमत नाही. खुर्ची चार इंच सरकली तर बिघडत नाही, पण एक स्पीकर टीव्हीशेजारी आणि दुसरा देवघराच्या दारावर असं करू नका.

खोलीबद्दल थोडं. नवीन बंगल्यात स्लॅब, गुळगुळीत गिलावा, खाली टाइल्स, सामान कमी, अशा खोलीत एक टाळी वाजवा. टाळीमागे टर्रर असा शेपूट आला तर कितीही महाग स्पीकर तिथे कर्कश वाटणार, आधी पडदे लावा, सतरंजी अंथरा. कौलारू घरात हा त्रास कमी असतो, छप्पर उतरतं असतं, कौलांच्या फटीतून बराच आवाज निघून जातो, उघड्या चिऱ्याच्या खरबरीत भिंतीवर बारीक आवाज थोडा विखुरतो. जुन्या माजघरात साधा स्पीकर गोड वाटतो तो यामुळे. आणि छोट्या खोलीत छोट्या स्पीकरचा एक छुपा फायदा आहे, १० फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा स्वर अडकून घुमतो, मोठा स्पीकर किंवा सबवूफर (फक्त बेसचा वेगळा डबा) नेमका तोच स्वर पेटवतो, छोटा तिथपर्यंत नीट पोचतच नाही.

एवढाच डबा, त्यात गाणं खरंच मावतं?

मावतं, याला चांगला दाखला आहे. बीबीसीने १९७० च्या दशकात एलएस ३/५ए नावाचा स्पीकर स्वतःच तयार करून घेतला, बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत मोठा स्पीकर मावत नव्हता आणि तरी निवेदकाचा आवाज खरा येतोय का हे कळायला हवं होतं, म्हणून. उंची साधारण ३० सेंटिमीटर, बंद डबा, पाचेक लिटरचा. खोल बेस त्याला नाही, सेन्सिटिव्हिटीही ८३ च्या आसपास म्हणजे कमीच. पण माणसाचा आवाज माणसासारखा येतो, आणि त्याच्यावर प्रेम करणारे लोक आज पन्नास वर्षांनंतरही आहेत. हॉफमनच्या नियमातलं काय सोडायचं ते त्यांनी आधी ठरवलं आणि उरलेलं नीट केलं. आपणही तेच करायचं, आपलं ऐकणं जर भजन, नाट्यसंगीत, भावगीत, जुनी हिंदी गाणी असं असेल तर जवळपास सगळा जीव १०० हर्ट्झच्या वरच आहे.

एकच ब्लूटूथ स्पीकर पुरणार नाही का?

स्वयंपाकघरात पुरेल, आणि तिथे तोच बरा. भाकऱ्या भाजताना माणूस एका जागी बसून ऐकत नसतो, तिथे जोडीचा काही उपयोग नाही, तिथे हलका, बॅटरीचा, पुसता येणारा एक स्पीकर ठेवा. पण बसून ऐकायचं असेल तर एका डब्यातून गायक, पेटी, तबला सगळे एकाच बिंदूतून येतात, एकमेकांवर चढतात, आणि कान बरोबर त्या डब्याकडे बोट दाखवतो. जोडी असली की गायक दोघांच्या मधोमध उभा राहतो, जिथे काहीच वस्तू नाही तिथे, आणि स्पीकर स्वतः गायब होतात. 'आवाज कुठून येतो ते कळायला नको' हे एका महाग डब्यापेक्षा दोन साध्या डब्यांनी जास्त चांगलं होतं. काही ब्लूटूथ स्पीकर एकाच मॉडेलचे दोन घेतले की डावा-उजवा असे जोडता येतात, घेण्याआधी ते विचारा.

ब्लूटूथने आवाज खराब होतो का, तर थोडासा, कारण गाणं दाबून पाठवावं लागतं, आणि दाबायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. साधा एसबीसी सगळीकडे असतो, एलडॅकसारखे जास्त डेटा पाठवतात. घरात हळू आवाजात ऐकताना यावर पैसे घालण्यापेक्षा स्पीकर वीतभर पुढे ओढलात तर फरक जास्त कळेल. आपल्याकडे खरा प्रश्न वेगळाच आहे, चिऱ्याच्या भिंतीपलीकडे फोन नेला की ब्लूटूथ तुटतं. आणि वायफायचा स्पीकर घेतला आणि गावात नेट दोन दिवस गेलं तर त्यातल्या काहींचं काहीच चालत नाही. म्हणून साधी ऑक्सची, म्हणजे फोन थेट स्पीकरला जोडायची, वायर लावायची सोय असलेला घ्या, म्हणजे फोनमध्ये उतरवून ठेवलेली गाणी कुठल्याही परिस्थितीत वाजतील.

साउंडबारबद्दल विचारणारे असतात. तो टीव्हीतल्या संवादांसाठी चांगला, गाण्यासाठी दोन्ही बाजू फार जवळ पडतात. छतातले स्पीकर हॉटेलात ठीक, घरात आवाज डोक्यावरून पडतो, मला ते पटत नाही.

खारी हवा आणि पाऊस

आता जे आपलंच आहे ते. हवेतलं मीठ धातूवर बसतं, मीठ ओलावा धरून ठेवतं, आणि गंज चढतो. स्पीकरच्या मागे वायर दाबायच्या स्प्रिंगच्या क्लिपा असतात त्यात उघडी तांब्याची तार एक पावसाळा राहिली की बाहेर काढून बघा, टोकाला हिरवा थर, बोटाला लावला तर पावडर निघते, आणि आतला पत्रा काळा पडलेला. मग आवाज कधी येतो कधी जातो, डावीकडचा बारीक होतो, आणि आपण म्हणतो स्पीकर गेला. गेलेला नसतो. टोक कापा, नवीन तार सोला, क्लिप स्पिरिटने पुसा. घेतानाच स्क्रूची टर्मिनल असलेला घेतला तर उत्तम, आणि होड्यांच्या वायरिंगला वापरतात ती टिनचा मुलामा दिलेली तांब्याची तार मिळाली तर तीच लावा, घरातल्या चार-पाच मीटरला दीड स्क्वेअर एमएम भरपूर झाली.

कोनाच्या कडेला जी मऊ पट्टी असते ती रबराची आहे की फोमची हे बघा. फोम दमट हवेत काही वर्षांत चिकट होतो आणि बोट लावलं की भुगा पडतो. रबर टिकतं. डबा एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा) असेल तर कडा आणि मागची बाजू नीट बंद केलेली हवी, उघड्या कडेला ओल लागली की एमडीएफ फुगतो आणि परत बसत नाही. कापडी जाळीवर बुरशी येते, काढता येणारी असेल तर बरं. रिफ्लेक्सच्या भोकात कुंभारमाशी मातीचं घर करते, मच्छरदाणीचा तुकडा ताणून लावा, हळू आवाजात त्याने काही फरक पडत नाही.

आयपी ६७ लिहिलेलं असलं की लोक निर्धास्त होतात. तो शिक्का धूळ आणि गोड्या पाण्यासाठी आहे, मिठासाठी नाही. किनाऱ्यावर नेलात तर घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा आणि चार्जिंगचं भोक पूर्ण सुकेपर्यंत पिन लावू नका.

मे अखेरचा वळीव आणि ऑक्टोबरातला गडगडाट यात प्लग काढून ठेवायचा. स्पाइक बस्टर छोट्या चढउतारापुरता, जवळ वीज पडली तर तो काही वाचवत नाही. आणि ज्यांची घरं वर्षभर बंद असतात, गणपतीत आणि मे महिन्यातच उघडतात, त्यांनी बॅटरीचा स्पीकर पूर्ण उतरलेला ठेवून जाऊ नये, निम्मा चार्ज करून बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा. पूर्ण उतरलेली लिथियम बॅटरी सहा महिने तशीच राहिली तर परत चार्ज घेईल याची खात्री नाही.

गणपतीत घर भरलं तर?

तेव्हा हा स्पीकर पुरणार नाही, आणि तो त्यासाठी घ्यायचाही नाही. पंधरा-वीस माणसं, टाळ, मृदंग, आरत्या, तिथे माणसांचाच आवाज ८०-९० डेसिबलला पोचतो, तिथे स्पीकर हवाच कशाला. वर्षातल्या पाच-सात दिवसांसाठी बाराही महिने मोठा डबा ओटीवर मांडून ठेवण्यापेक्षा तेवढ्या दिवसांसाठी भाड्याने आणा. रात्री १० ते सकाळी ६ निवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा आहे, दिवसा ५५, हे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे, तेव्हा भाड्याच्या डब्याचा आवाज किती ठेवायचा तेही ठरवून घ्या.

घेताना काय ऐकायचं

दुकानात जे लावतील ते ऐकू नका, स्वतःचं न्या. ज्याचा आवाज तुम्ही समोर बसून ऐकला आहे असा माणूस हवा, गावातल्या डबलबारीच्या, म्हणजे भजनाच्या सामन्याच्या, बुवांचं रेकॉर्डिंग असेल तर त्याहून चांगली परीक्षा नाही. बुवांचा आवाज जाड झालाय का, छातीतून यायच्या ऐवजी डब्यातून येतोय का, हे तुम्हाला लगेच कळेल. पुष्कळ स्वस्त स्पीकर १०० ते १५० हर्ट्झला मुद्दाम फुगवटा देतात, बेस आहे असं वाटावं म्हणून, आणि त्यात पुरुषाचा आवाज बुडतो. मग झांज ऐका, प्रत्येक ठोका सुटा येतो की नुसतं छिस्स. मग आवाज अगदी कमी करा, शेजारी बोलणाऱ्याच्या खाली, आणि शब्द कळतात का बघा. ही शेवटची परीक्षा सगळ्यात मोठी, आणि दुकानात ती कोणी करत नाही.

जोडी लावल्यावर लाल-काळी वायर दोन्हीकडे सारखी आहे ना ते तपासा. एका बाजूला उलटी लागली तर एक कोन पुढे जातो तेव्हा दुसरा मागे जातो, बेस एकमेकांना खाऊन टाकतो आणि गायक मधोमध न येता सगळीकडे पसरतो. 'घरी आणल्यावर बेसच नाही' ही तक्रार बऱ्याचदा एवढीच असते.

राहिला प्रश्न अँप आत असलेला घ्यायचा, म्हणजे ॲक्टिव्ह, की वेगळा लावायचा, म्हणजे पॅसिव्ह. ॲक्टिव्हला पसारा कमी, एक प्लग आणि संपलं, दिसू नये हा हेतू असेल तर तो सोपा. पण अँपचा सर्किट बोर्ड आतच असतो, खाऱ्या हवेत आधी जातो तो बोर्डच, आणि तो गेला की तालुक्याच्या गावात सुटा भाग मिळत नाही, अख्खा डबा कुरियर करून मुंबईला किंवा कोल्हापूरला पाठवायचा. पॅसिव्हमध्ये कोन, तार आणि दोन-चार भाग, अँप गेला तर तळहाताएवढा दुसरा अँप आणून लावायचा, स्पीकर तेच राहतात. मी किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला पॅसिव्ह जोडी आणि छोटा अँप असंच सांगतो, अँप कपाटात जातो, दिसतात ते फक्त दोन डबे. किनाऱ्यापासून त्याहून लांब राहणाऱ्यांनी ॲक्टिव्ह घ्यायला हरकत नाही, पण घेण्याआधी सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते फोन करून विचारा, आणि मूळ खोका थर्माकोलसकट माळ्यावर ठेवा, पाठवायची वेळ आली तर तोच लागतो.